सल्ला : ‘फोन आहे ना तुझ्याकडे?’

वाचकाचं पत्र

मी एका कोल्ड स्टोरेजमध्ये रात्रपाळीचा ऑपरेटर आहे. थंड करायला अमोनिया वायूचा प्लांट आहे. पूर्वी रात्री आम्ही दोघं असायचो, मी आणि एक हेल्पर. वर्षभरापूर्वी हेल्परला दिवसपाळीत घेतलं, तेव्हापासून रात्री मी एकटाच. गेटवर वॉचमन असतो, पण तो दुसऱ्या एजन्सीचा आणि त्याला आत यायची परवानगी नाही. दर तासाला रीडिंग घ्यायचं, चेंबरमध्ये जाऊन बर्फ किती साठलाय ते बघायचं, गरज पडली तर तेल काढायचं, सगळं मीच. मागच्या महिन्यात उणे वीसच्या चेंबरमध्ये पाय घसरला आणि गुडघा आपटला. बराच वेळ उठताच आलं नाही. फोन खिशात होता, पण आत रेंज नसते. शेवटी सरपटत दारापर्यंत आलो. सकाळी मॅनेजरना सांगितलं तर म्हणाले, “फोन आहे ना तुझ्याकडे? कॅमेरे आहेत. आणि तू सही करून दिली आहेस.” हेल्पर कमी केला तेव्हा माझ्याकडून एका कागदावर सही घेतली होती : ‘मी रात्री एकट्याने काम करण्यास तयार असून माझ्या सुरक्षिततेची जबाबदारी माझी राहील.’ मी कंत्राटी आहे. बायको रात्री दोनदा फोन करून मी ठीक आहे ना ते बघते. ती म्हणते नोकरी सोडा. माणसाला असं एकटं ठेवणं कायद्यात बसतं का? मालकाने नेमकं काय करायला हवं? मी काम नाकारू शकतो का?

– एक ऑपरेटर

उत्तर

गुडघा डॉक्टरांना दाखवलात का? नसेल दाखवला तर हे वाचून झाल्यावर पहिलं काम ते. आणि डॉक्टरांना सांगा, ‘कामावर असताना पडलो’ हे तारखेसकट लिहून द्या. महिना उलटला असला तरी नोंद असलेली बरी. कामावरच्या अपघाताची नोंद ठेवणं हे खरं तर मालकाकडचं काम, पण तुमच्या मॅनेजरांनी ते केलं असेल असं पत्रावरून तरी वाटत नाही.

आता सहीचं बघू, कारण तुमचा निम्मा धीर त्या कागदानेच खचवलेला दिसतो. तुम्हाला गप्प बसवण्यापलीकडे त्या कागदाला फारसा अर्थ नाही. सुरक्षिततेची जबाबदारी मालकावर कायद्याने येते, आणि जी कायद्याने आली ती कामगाराची सही घेऊन त्याच्या गळ्यात अडकवता येत नाही. युरोपात १९८९ साली कामगार सुरक्षेचा जो मूळ निर्देश निघाला त्यात हे स्वच्छ लिहिलं आहे : कामगाराची स्वतःची काही कर्तव्यं असतात, पण त्यामुळे मालकाची जबाबदारी कमी होत नाही, बाहेरचे तज्ज्ञ किंवा संस्था नेमल्या तरी कमी होत नाही. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या १९८१ च्या १५५ क्रमांकाच्या करारात, कामाची जागा, यंत्रं आणि कामाची पद्धत शक्य तेवढी सुरक्षित ठेवण्याचं काम मालकाकडे दिलं आहे, आणि त्यासाठीच्या उपायांचा खर्च कामगारावर पडता कामा नये असंही म्हटलं आहे. जून २०२२ मध्ये या संघटनेने सुरक्षित आणि निरोगी कामाची जागा हा कामगारांच्या मूलभूत हक्कांपैकी एक मानला. भारतातल्या २०२० च्या व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य आणि कार्यस्थिती संहितेतही इजा किंवा आजार होईल असे धोके कामाच्या जागी राहू न देणं हे मालकाचं कर्तव्य म्हणून मांडलेलं आहे. यातल्या कुठल्याही नियमात ‘कामगाराने लिहून दिलं असेल तर सूट’ अशी पळवाट नाही.

त्या कागदाचा एक उपयोग मात्र मला दिसतो, आणि तो तुमच्या बाजूचा आहे. एकट्याने काम करण्यात धोका आहे हे व्यवस्थापनाला ठाऊक होतं, याचा तो लेखी पुरावा आहे. धोका माहीत असून त्यावर उपाय म्हणून काय केलं, तर सही घेतली! त्याची प्रत तुमच्याकडे नसेल तर मागून घ्या.

एकट्याला ठेवणं कायद्यात बसतं का, या प्रश्नाचं सरळ उत्तर : बहुतेक कामांसाठी बसतं. एकट्याने काम करण्यावर सरसकट बंदी फारशी कुठे नाही, ब्रिटनच्या १९७४ च्या कायद्यातही नाही. जगभर असंख्य माणसं एकटी काम करतात आणि ती सगळी बेकायदा नाहीत. म्हणून मॅनेजरशी भांडताना ‘एकटं ठेवणं बेकायदा आहे’ या मुद्द्यावर उभे राहू नका, तो पाय लगेच घसरेल. कायदा विचारतो ते वेगळंच : एकटं ठेवायचं ठरवलंत, तर त्या एकटेपणातून जो जास्तीचा धोका निर्माण झाला त्याची काय व्यवस्था केलीत? हेल्पर काढला त्या दिवशी तुमचं काम बदललं नाही, पण अपघात झाल्यावर पुढे काय होणार ते मात्र पार बदललं. हा बदल कागदावर तपासायला हवा होता. रिस्क असेसमेंट म्हणतात ते हेच, आणि ते काम प्रत्यक्ष करणाऱ्या माणसाला विचारूनच व्हायला हवं. तुम्हाला कोणी विचारलं होतं का?

ऑस्ट्रेलियाच्या नमुना नियमांत याची व्याख्या छान केली आहे. जागा, वेळ किंवा कामाचं स्वरूप यांमुळे जो माणूस इतरांच्या मदतीपासून तुटलेला आहे, तो एकाकी काम करणारा. ‘वेळ’ हा शब्द तुमच्यासाठी महत्त्वाचा. वस्तीपासून कोसभर लांब असायची गरज नाही. दिवसा जिथे पन्नास माणसं असतात ती इमारत रात्री दोन वाजता तितकीच एकाकी असते. आणि मदत म्हणजे सुटका, वैद्यकीय मदत आणि आपत्कालीन सेवा, हेही तिथे सांगून ठेवलं आहे. अशा माणसाशी नीट संपर्क राहील अशी कामाची पद्धत उभी करणं हे काम देणाऱ्यावर बंधनकारक आहे.

‘फोन आहे ना’ हे वाक्य इथेच उघडं पडतं. तुमच्या चेंबरच्या भिंती म्हणजे दोन्ही बाजूंनी पत्रा आणि मध्ये फोम. तो पत्रा रेंज अडवतो, त्यामुळे आत फोन लागत नाही यात नवल काही नाही. थंडीत बॅटरी झपाट्याने उतरते, हातमोजे घालून स्क्रीन चालत नाही. पण समजा आत रेंज आली, बॅटरी पूर्ण आहे आणि हातमोजेही काढलेत. तरी फोन लावायला शुद्धीवरचा माणूस लागतो. ज्याचं डोकं आपटलंय, ज्याच्या घशात अमोनिया गेलाय, ज्याच्या छातीत कळ आलीय तो फोन लावत नाही. मोबाईलच्या भरवशावरची सुरक्षा व्यवस्था जखमी माणसानेच आपल्या मदतीची सोय करावी असं गृहीत धरते, आणि नेमक्या वाईटातल्या वाईट वेळी ती कोसळते.

व्यवस्था उलटी हवी. तुमच्याकडून ठरलेल्या वेळी काही आलं नाही, की तिकडे कोणीतरी हललं पाहिजे. रेल्वे इंजिनात चालकाने ठरावीक वेळात काहीच हालचाल केली नाही, समोरचं बटणही दाबलं नाही, तर इशारा होतो आणि तरीही प्रतिसाद नसेल तर ब्रेक आपोआप लागतात. चालकाने ‘मला बरं वाटत नाही’ असं कळवण्याची वाट इंजिन बघत बसत नाही. तुमच्या प्लांटमध्ये तुम्ही गप्प झालात तर सकाळची पाळी येईपर्यंत कोणालाच पत्ता लागणार नाही. अपवाद एक, वहिनींचा.

वहिनींबद्दल थोडं सविस्तर लिहितो. मालकाने करायचं काम त्या रात्री झोपमोड करून करत आहेत, बिनपगारी. आणि त्या करतात तेही अर्धंच होऊ शकतं, कारण तुम्ही फोन उचलला नाही तर पुढे काय करायचं हे त्यांना कोणी सांगितलेलं नाही. रात्री मॅनेजरचा कुठला नंबर लागतो? वॉचमन त्यांचं ऐकून आत जाईल का? आत अमोनियाचा वास येत असेल तर त्याने जावं का? यातलं काहीच त्यांच्या हातात नाही. हे ठरवणं कंपनीचं काम आहे. तोपर्यंत निदान एवढं करा : वॉचमनचा, मॅनेजरचा आणि अग्निशमन दलाचा नंबर वहिनींकडे लिहून ठेवा, आणि फोन लागला नाही तर किती वेळाने कोणाला उठवायचं ते दोघांनी बसून ठरवा. मात्र कंपनीची व्यवस्था उभी राहिली की वहिनींना त्या ड्युटीतून मोकळं करा.

ही व्यवस्था कशी असते, त्याचा चांगला नमुना कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबिया प्रांताच्या नियमांत आहे. तिथे एकट्या कामगाराची खबर घेण्याची पद्धत लेखी असावी लागते. किती वेळाने खबर घ्यायची ते त्या कामगाराशी बोलून ठरवावं लागतं. खबर कोण घेणार तो माणूस नेमलेला असतो, आणि घेतलेल्या खबरीची नोंद ठेवावी लागते. उत्तर आलं नाही तर पुढे काय, सुटका कशी करायची, हे त्या लेखी पद्धतीतच असतं. पाळी संपल्यावर एक शेवटची खबर घेतात, कारण घरी जायला निघालेला माणूस बाहेर पडलाच असेल असं धरून चालत नाहीत. यात भारी उपकरण कुठलंच नाही. एक फोन, एक वही आणि ज्याला रात्री जागं राहायचे पैसे मिळतात असा एक माणूस, एवढ्यावर हे चालतं.

खबर किती वेळाने? ‘दर तासाला’ हे उत्तर तुम्हाला ऐकवतील, कारण रीडिंग तासाने असतं. पण तासाने खबर घ्यायची म्हणजे तुम्ही एकोणसाठ मिनिटं जमिनीवर पडून असू शकता. कॉम्प्रेसर रूमच्या बाहेर टेबलाशी बसला असाल तर तास चालेल. उणे वीसमध्ये चालणार नाही. थंडीचे कपडे चालत्या-फिरत्या माणसाचा हिशोब धरून बनवलेले असतात. तोच माणूस बर्फावर निपचित पडला आणि वरून पंख्याचा वारा लागत राहिला तर ते कपडे फार वेळ तग धरत नाहीत. म्हणून चेंबरसाठी घड्याळ वेगळं हवं. आत जाण्याआधी कळवायचं, ‘अमुक चेंबर, इतकी मिनिटं’. बाहेर आलात की कळवायचं. दिलेली मिनिटं संपली आणि निरोप आला नाही, की समोरच्याने लगेच हालचाल करायची, ‘येईल थोड्या वेळात’ म्हणत बसायचं नाही.

कमरेला लावायची उपकरणंही मिळतात. माणूस आडवा झाला किंवा काही वेळ हललाच नाही तर ती आपोआप इशारा देतात. चांगली असतात, मी त्यांच्या विरोधात नाही. पण ‘घेऊन टाकलं एक यंत्र’ म्हणून विषय मिटवला जातो तेव्हा मला धास्ती वाटते. त्या यंत्राचा इशारा पत्र्याच्या भिंतीतून बाहेर जातो का, हे प्रत्येक चेंबरच्या मागच्या कोपऱ्यात उभं राहून तपासावं लागतं. इशारा कोणाच्या फोनवर जातो? तो माणूस रात्री फोन सायलेंटवर ठेवतो का? हे विचारलं नाही तर यंत्र नुसतंच कमरेला लटकतं. कॅमेऱ्यांचंही तसंच. रेकॉर्डिंग होतं, पण रात्री तीन वाजता ते बघतं कोण? तुम्ही सरपटत दारापर्यंत आलात तेही कुठेतरी रेकॉर्ड झालं असणार. उद्या तुम्ही कसे पडलात हे कॅमेरा दाखवील, पण पडलेल्याला उचलायला तो येत नाही.

आता चेंबरच्या दाराकडे बघा. आतून दार उघडायचा दांडा आहे का, तो अंधारात दिसतो का, बर्फाने जाम होत नाही ना, हे दर आठवड्याला हाताने उघडून तपासायला हवं. आत अडकलेल्या माणसासाठी घंटेचं बटण बहुतेक चेंबरमध्ये असतं. तुमच्याकडे असेल तर ती घंटा वाजते कुठे? माझा अंदाज, कॉम्प्रेसर रूममध्ये किंवा ऑपरेटरच्या टेबलाशी. म्हणजे तुम्ही आत बटण दाबणार आणि घंटा तुमच्याच रिकाम्या खुर्चीशेजारी वाजणार. दोघं होतात तेव्हा ते बरोबर होतं. हेल्पर गेला त्या दिवशी ती घंटा गेटवर न्यायला हवी होती, आणि वीज गेली तरी वाजेल अशी तिची बॅटरी हवी. शिवाय नेहमीपेक्षा कमी उंचीवर, जमिनीवर पडलेल्या माणसाच्या हाताला लागेल अशा ठिकाणी आणखी एक बटण असेल तर उत्तम. तुम्ही गुडघ्यावर सरपटत आलात, तुम्हालाच ते नीट सांगता येईल.

बर्फाचाही विचार करा. चेंबरच्या जमिनीवर बर्फ साठतो तो बहुधा दाराच्या कडेच्या रबरी पट्टीतून (गॅसकेट) किंवा सारखं दार उघडं राहिल्याने आत येणाऱ्या दमट हवेमुळे, नाहीतर डिफ्रॉस्टचं, म्हणजे बर्फ वितळवल्यावरचं, पाणी वाहून नेणारी नळी तुंबल्यामुळे. ते दुरुस्त करणं ही पहिली पायरी. खबर घेणं ही माणूस पडल्यानंतरची तजवीज झाली. मुळात पडूच नये यासाठी काय केलं, हा प्रश्न त्याआधीचा. ब्रिटिश कोलंबियातच २००५ साली ग्रँट डी पेटी नावाचा २४ वर्षांचा तरुण पेट्रोल पंपावर रात्री एकटा कामाला होता. पैसे न देता पळणाऱ्या गाडीला अडवताना तो त्या गाडीखाली सापडून गेला. त्यानंतर २००८ मध्ये जे नियम आले, ते त्याच्याच नावाने ओळखले जातात. त्यात ‘पळणाऱ्याला अडवू नका’ एवढा उपदेश करून थांबले नाहीत. आधी पैसे, मग पेट्रोल, अशी पद्धतच लावली. अडवायला जावं असा प्रसंगच उरला नाही.

एवढं सगळं केलं तरी काही कामं अशी असतात की ती एकट्याने करायचीच नाहीत, खबर दर पाच मिनिटांनी घेतली तरीही. टाकीत किंवा बंदिस्त जागेत उतरणं, चालू विजेच्या उघड्या तारांजवळचं काम, आणि तुमच्या बाबतीत अमोनियाच्या लाइनमधून तेल काढणं. पत्रात ‘गरज पडली तर तेल काढायचं’ हे तुम्ही जाता जाता लिहिलंय, पण मला सगळ्यात जास्त काळजी त्याच ओळीची वाटली. तुम्हाला हे माहीत असेल, इतर वाचकांसाठी सांगतो. कॉम्प्रेसरमधलं तेल थोडं थोडं अमोनियाबरोबर वाहत जातं. ते अमोनियात मिसळत नाही आणि जड असतं, म्हणून खालच्या भागात साठतं आणि अधूनमधून काढावं लागतं. काढताना व्हॉल्व्हमध्ये घट्ट तेल किंवा कचरा अडकतो, म्हणून माणूस व्हॉल्व्ह आणखी उघडतो. मग अडकलेलं एकदम सुटतं आणि तेलापाठोपाठ द्रवरूप अमोनिया अंगावर येतो. अमोनिया उणे ३३ अंशांना उकळतो. कातडी एकीकडे गोठते आणि एकीकडे भाजते. डोळ्यात गेला तर माणसाला दार दिसत नाही. या कामाला हात सोडला की आपोआप बंद होणारा व्हॉल्व्ह हवा, आणि अंतरावर उभा असलेला, काय करायचं ते शिकवलेला दुसरा माणूस हवा. हे काम दिवसपाळीत हलवता येतं. त्यासाठी कंपनीला नवं काहीच विकत घ्यावं लागत नाही, त्यामुळे नाही म्हणायला कारणही नाही.

गळती झाली तर तुमचं काम एकच, बाहेर पडणं. अमोनियाचा वास अगदी थोड्या प्रमाणातही येतो, हे त्यातल्या त्यात नशीब. पण अमेरिकेतल्या नायॉश या कामगार सुरक्षेच्या संशोधन संस्थेने ३०० पीपीएम (हवेच्या दहा लाख भागांत ३०० भाग) ही पातळी जिवाला तात्काळ धोका म्हणून ठरवली आहे, आणि कॉम्प्रेसर रूमसारख्या बंद जागेत मोठ्या गळतीत तिथपर्यंत जायला वेळ लागत नाही. बाहेर येऊन दाराबाहेरचा इमर्जन्सी स्टॉप दाबायचा, वारा जिकडून येतोय त्या बाजूला जायचं, फोन करायचा. व्हॉल्व्ह बंद करायला परत आत जायचं नाही. बीए सेट, म्हणजे श्वास घ्यायला हवेची टाकी आणि मुखवटा, भिंतीवर टांगलेला असला तरी नाही, कारण तो घालून आत जाणाऱ्याच्या मागे बाहेर दुसरा माणूस तशाच तयारीने उभा असावा लागतो. तुम्ही एकटे आहात, म्हणजे तो सेट रात्री तुमच्यासाठी नाहीच. ‘माल खराब झाला तरी चालेल, पण ऑपरेटरने परत आत जायचं नाही’ हे वाक्य मालकाच्या सहीने भिंतीवर लागलेलं असावं. त्यांनी तुमची सही घेतली. ही त्यांनी द्यावी. तोंडी सांगितलेलं रात्री आठवत नाही, तेव्हा माणसाला फक्त सकाळी कोण ओरडेल तेवढंच आठवतं. आणि वॉचमनलाही हेच सांगून ठेवायला हवं. पडलेल्या माणसाला बाहेर काढायला धावत गेलेला दुसरा माणूसही गेला, असं गॅसच्या अपघातांत पुन्हा पुन्हा घडत आलं आहे.

काम नाकारण्याबद्दल. सगळी पाळीच नाकारू नका, नेमकं काम नाकारा. ‘मी रात्री येणार नाही’ म्हणालात तर तो हजेरीचा वाद होतो. ‘मी हजर आहे, बाकी सगळं करतो, पण तेल एकटा काढणार नाही, आणि खबर घेण्याची सोय होईपर्यंत उणे वीसच्या चेंबरमध्ये एकटा जाणार नाही’ असं म्हणालात तर तो सुरक्षिततेचा मुद्दा राहतो. १५५ क्रमांकाच्या करारात, जिवाला तात्काळ आणि गंभीर धोका आहे असं वाजवी कारणाने वाटून बाजूला झालेल्या कामगाराला त्याचे वाईट परिणाम भोगावे लागू नयेत असं म्हटलंय. मात्र त्याने वरिष्ठांना लगेच कळवायचं असतं, आणि धोका दूर होईपर्यंत मालकाने त्याला परत त्या कामावर लावायचं नसतं. भारतातल्या संहितेत अशी भीती मालकाला आणि त्याच वेळी निरीक्षकालाही कळवण्याचा अधिकार आहे. कागदावरचा हक्क आणि कंत्राटी माणसाची रोजची भीती यांतलं अंतर मला समजतं. म्हणूनच तोंडी काही बोलू नका, लिहून द्या. भाषा साधी, राग नको, आरोप नको. असं काहीतरी :

‘मा. व्यवस्थापक यांस, विषय : रात्रपाळीत एकट्याने काम करताना सुरक्षेची व्यवस्था. अमुक तारखेला रात्री चेंबर क्रमांक अमुकमध्ये बर्फावरून घसरून माझ्या गुडघ्याला इजा झाली. आत मोबाईलला रेंज नसल्याने मदत मागता आली नाही. त्याच दिवशी सकाळी हे मी आपल्याला तोंडी सांगितले आहे. पुन्हा असे झाल्यास माझी खबर कोण, किती वेळाने घेणार, उत्तर न मिळाल्यास आत कोण येणार व त्याच्याकडे चावी कोणती असेल, हे लेखी कळवावे. ही व्यवस्था ठरवताना मलाही विचारावे. तोपर्यंत तेल काढण्याचे काम दिवसपाळीत द्यावे व उणे तापमानाच्या चेंबरमध्ये जाण्यासाठी दुसरा माणूस द्यावा. इतर सर्व कामे मी नेहमीप्रमाणे करीत आहे.’

याची एक प्रत ठेकेदाराला द्या आणि पोच घ्या. ठेकेदार म्हणेल जागा कंपनीची, कंपनी म्हणेल माणूस ठेकेदाराचा. त्या भांडणात तुम्ही पडायचं नाही. दोघांनाही कळवलं आहे एवढं कागदावर असलं की पुरे. सेफ्टी कमिटी किंवा युनियन असेल तर तिथेही प्रत द्या. दिवसपाळीतला तो जुना हेल्पर आणि दुसऱ्या रात्रीचा ऑपरेटर यांच्याशी आधी बोला. त्या पत्राखाली दोन सह्या असल्या तर ते वेगळ्या पद्धतीने वाचलं जातं. ठरावीक दिवसांत काही हललं नाही तर तुमच्या भागातल्या कामगार सुरक्षा निरीक्षकाकडे जा, बरोबर हेच पत्र आणि तो सहीचा कागद घेऊन. तब्येतीची काही जुनी तक्रार असेल, साखर, फिट, हृदयाचं काही, तर तीही लपवू नका. एकट्याच्या पाळीत तिचं वजन दुप्पट होतं.

आणि व्यवस्था केली असं सांगण्यात आलं, की एकदा ती सगळ्यांना कल्पना देऊन चालवून बघायला सांगा. एका रात्री मॅनेजरनी स्वतः चेंबरमध्ये जाऊन उभं राहायचं, ठरलेल्या वेळी निरोप द्यायचा नाही आणि दार बाहेरून उघडलं जाईपर्यंत घड्याळ बघत राहायचं. बाहेर दुसरा माणूस उभा ठेवून, अर्थात. किती मिनिटं लागली ते वहीत लिहायचं. मॅनेजरना तो आकडा फार वाटला, तर पुढची चर्चा तुमच्यासाठी बरीच सोपी जाईल.

नोकरी सोडायची का? आज नाही. हे पत्र देण्याआधी तर मुळीच नाही, कारण सोडून गेलात तर तुमच्या जागी उद्या दुसरा येईल आणि त्याच्याकडूनही तोच कागद लिहून घेतील. पत्र द्या, उत्तराची वाट बघा, दरम्यान दुसरीकडे चौकशी चालू ठेवायला हरकत नाही. अमोनिया प्लांट चालवता येणारा ऑपरेटर सहज मिळत नाही, हे तुमच्या मालकालाही ठाऊक आहे. पण ‘तेल आजच रात्री काढ, एकट्यानेच काढ, नाहीतर उद्यापासून येऊ नकोस’ असं तोंडावर आलं, तर तेल काढू नका. त्या वेळी वहिनींचंच ऐका.